चाचणी गर्भापासून सुरू करा : कीटकनाशक नोंदणी समितीला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
नोंदणी समिती, केंद्रीय कीटकनाशक मंडळ,
फरीदाबाद

सविनय नमस्कार.

या देशात कीड, बुरशी किंवा तण मारायला शेतावर फवारायचं कोणतंही रसायन आपल्या समितीच्या संमतीशिवाय बाजारात येत नाही. १९६८च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम ९ने दोन गोष्टी तपासायची जबाबदारी आपल्यावर टाकली आहे : रसायन गुणकारी आहे का, आणि माणसांना व जनावरांना सुरक्षित आहे का. या दुसऱ्या प्रश्नासाठी जे अहवाल मागवले जातात त्यांत एक फट आहे. ती जुनी आहे, साऱ्या जगात आहे, आणि तिच्यातून नेमका एकच जीव निसटतो : आईच्या पोटात असताना विष झेललेला आणि पुढे वाढून म्हातारा झालेला. ही फट बुजवायचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणून आपल्यालाच लिहिते आहे.

मी विषशास्त्रात काम केलं, बहुतेक काळ गाभण रॅट आणि त्यांच्या पिल्लांवर. (रॅट म्हणजे मोठ्या जातीचे उंदीर; या पत्रात नुसतं उंदीर म्हटलं आहे तिथे लहान जातीचे समजावेत.) माहेर निफाड तालुक्यातलं. भाऊ आजही द्राक्षं करतो. ज्या रसायनांचे अहवाल मी टेबलावर वाचले, तीच बागेत ब्लोअरमधून, म्हणजे फवारणीच्या यंत्रातून, उडताना पाहिली आहेत. त्यामुळे या विषयाकडे मला नुसतं कागदोपत्री पाहता येत नाही.

आधी चाचण्या कशा होतात ते सांगते. आपल्यातल्या तज्ज्ञांना हे पाठ आहे, पण हे पत्र शेतकरीही वाचतील.

रसायनाने गर्भात व्यंग येतं का हे पाहण्याची पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या चाचण्यांच्या यादीत ४१४ क्रमांकाने येते. नर आणि मादी रात्री एका पिंजऱ्यात ठेवतात. सकाळी मादीच्या योनीतला स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शुक्राणू दिसले की तो दिवस शून्य. सहाव्या दिवसाच्या आसपास गर्भ गर्भाशयात रुजतो, आणि तिथून रोज सकाळी वजनाच्या हिशेबाने रसायन नळीने मादीच्या पोटात जातं. रॅटचे दिवस एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी भरतात. विण्याच्या आदल्या दिवशी मादी मारून पोट उघडायचं. बीजकोशावरचे पीतपिंड मोजले की बीजं किती सुटली ते कळतं, गर्भाशयातल्या जागा मोजल्या की रुजली किती ते कळतं. जिथे गर्भ विरघळून गेला तिथे काळपट ठिपका उरलेला असतो. मग एकेक गर्भ तोलायचा, लिंग लिहायचं, टाळू फाटली आहे का, शेपटी आखूड आहे का ते पाहायचं. साधारण निम्मे गर्भ बुइनच्या पिवळ्या द्रावणात घट्ट करून पात्याने त्यांच्या चकत्या करतात. उरलेले पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. हळूहळू मांस पारदर्शक होतं आणि अ‍ॅलिझरिनने रंगलेली हाडं लालभडक उठून दिसतात. ग्लिसरीनच्या बाटलीत अंगठ्याएवढा अख्खा सांगाडा असतो. त्याच्या बरगड्यांच्या तेरा जोड्या मोजायच्या, चौदावी दिसली तर नोंद करायची. उरोस्थीचे तुकडे सरळ रांगेत आहेत का, कवटीची हाडं पुरेशी भरली आहेत का, हे भिंगाखाली बघायचं. हे काम मला मनापासून आवडायचं. नऊ-दहा भावंडांच्या ओळीत एकाच्याच कवटीवर लाल रंग विरळ दिसला की तिथेच हात थांबायचा.

चाचणी त्या बाटलीपाशी संपते. ते पिल्लू जन्माला येतच नाही.

दुसरी चाचणी कर्करोगाची, क्रमांक ४५१. प्रत्येक गटात किमान ५० नर आणि ५० माद्या. रॅटना दोन वर्षं, म्हणजे जवळजवळ आयुष्यभर, रसायन द्यायचं. अंग चाचपून गाठी शोधायच्या, शेवटी प्रत्येक अवयवाच्या काचपट्ट्या करून वाचायच्या. चाचणी कसून होते, पण ती सुरू कधी होते? पिल्लाचं दूध तुटल्यानंतर, शक्यतो आठ आठवड्यांचं होण्याआधी. या रॅटच्या आयांनी ते रसायन हुंगलेलंही नसतं.

तिसरी चाचणी दोन पिढ्यांची. तिच्यात पिल्लं जन्मतात, वाढतात, त्यांना पिल्लं होतात. पण प्रजनन तपासून झालं की तीही मारली जातात, गाठी धरण्याच्या वयाच्या कितीतरी आधी. तिन्ही अहवाल शेजारी ठेवा. गर्भात रसायन झेललेला आणि म्हातारपणापर्यंत जगू दिलेला प्राणी त्यांत सापडणार नाही.

हे तांत्रिक खुसपट नाही. गर्भात मिळालेल्या मात्रेने पुढे कर्करोग होतो हे प्राण्यांत सिद्ध होऊन अनेक दशकं उलटली. १९४७ साली अमेरिकेत लार्सन यांनी गाभण उंदरांना युरेथेन हे रसायन दिलं आणि त्यांच्या पिल्लांच्या फुप्फुसांत गाठी दाखवल्या. त्यावरचा कळस १९६६ साली जर्मनीत झाला. हेरमान ड्रुकरे आणि त्यांचे सहकारी इवान्कोविच व प्रॉइसमान यांनी गाभण रॅटना एथिल नायट्रोसोयुरिया या रसायनाची एकच मात्रा दिली, पंधराव्या दिवशी. आया ठणठणीत राहिल्या. पिल्लं जन्मली, दूध प्यायली, वाढली. आणि काही महिन्यांनी एकामागून एक लुळी पडू लागली. मेंदूत, मज्जारज्जूत, चेहऱ्याकडे जाणाऱ्या नसांत गाठी. मोठ्या रॅटच्या तुलनेत गर्भाची मज्जासंस्था या रसायनाला सुमारे ५० पट संवेदनशील निघाली.

त्याहून महत्त्वाचं होतं ते दिवसांचं गणित. साधारण बाराव्या दिवसाआधी तेच रसायन दिलं तर मज्जासंस्थेच्या गाठी होत नाहीत. गर्भ मरतात किंवा व्यंग घेऊन येतात. अवयव घडत असताना पेशी कमी असतात, प्रत्येकीवर मोठ्या कामाचा भार असतो, तिला धक्का बसला की अवयवच बिघडतो. नंतर आराखडा तयार झालेला असतो, पण पेशी भराभर विभागत असतात. अशा वेळी जनुकात झालेला लहानसा बदल पिल्लाच्या रूपात कुठेच दिसत नाही, मात्र हजारो लेकी-पेशींत पोचतो आणि वाट पाहतो. एकच रसायन आठवड्याच्या फरकाने व्यंगही देतं आणि कर्करोगही देतं. विण्याच्या आदल्या दिवशी पोट उघडणाऱ्या चाचणीला यांतला पहिला परिणाम दिसेल, दुसरा कधीच नाही. पंधराव्या दिवशी मात्रा मिळालेलं पिल्लू लाल हाडांच्या बाटलीत निर्दोष दिसू शकतं.

मेंदूच का, हेही पुढे कळलं. हे रसायन डीएनएतल्या ग्वानिनला चिकटतं. यकृताच्या पेशी ते चिकटलेलं टोक बऱ्यापैकी लवकर काढून टाकतात. मेंदूच्या कोवळ्या पेशींकडे ती दुरुस्ती फार तोकडी असते, हे गोथ आणि रायेव्हस्की यांनी १९७४ साली रॅटच्या पिल्लांत दाखवलं. दुरुस्ती व्हायच्या आत पेशी विभागली की चूक कायमची.

या रॅटचं ऋण किती मोठं आहे हेही सांगायला हवं. त्यांच्या गाठींमध्येच १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेला न्यू नावाचं जनुक सापडलं. माणसातलं त्याचं भावंड म्हणजे हर-२. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत आज ज्याची तपासणी होते, आणि ज्यावरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ साली अमेरिकेत मंजूर झालं, ते हेच. गर्भात विष झेललेल्या पिल्लांना जगू दिलं, त्यांच्या गाठी वाढू दिल्या, म्हणून हे हाती लागलं. चाचणी विण्याच्या आदल्या दिवशी थांबली असती तर काहीच कळलं नसतं.

कुणी म्हणेल, नायट्रोसोयुरिया हे प्रयोगशाळेतलं जालीम रसायन, रोजच्या जगण्यात ते कुठे भेटतं? बरोबर आहे. म्हणून आर्सेनिकचं सांगते.

पाण्यातल्या आर्सेनिकने माणसाला कर्करोग होतो हे फार पूर्वीपासून माहीत होतं. तरी प्रयोगशाळेतले प्राणी दाद देत नव्हते. वाढ पूर्ण झालेल्या उंदरांना आणि रॅटना आर्सेनिक पाजून गाठी होत नव्हत्या, आणि प्राण्यांतला पुरावा अपुरा हा शेरा दशकानुदशकं चालत राहिला. २००३ साली मायकेल वाल्कीस यांच्या गटाने एकच गोष्ट बदलली. आर्सेनिकचं पाणी त्यांनी गाभण उंदरांना दिलं, आठव्या ते अठराव्या दिवसापर्यंत, लिटरला ४२.५ आणि ८५ मिलिग्रॅम या प्रमाणात. जन्मानंतर पिल्लांना साधं पाणी. ही उंदरं मोठी झाल्यावर नरांना यकृताचे कर्करोग झाले, माद्यांना बीजकोशाच्या आणि फुप्फुसाच्या गाठी. दहा दिवसांची, तीही जन्माआधीची मात्रा पुरली. इतकी वर्षं प्राणी दाद देत नव्हते ते आपण चुकीच्या वयाच्या प्राण्यांना विचारत होतो म्हणून.

माणसांतही हेच दिसलं. चिलीतल्या आन्तोफागास्ता शहराला १९५८ ते १९७० या काळात भरपूर आर्सेनिक असलेलं नदीचं पाणी पुरवलं गेलं, मग शुद्धीकरण आलं. त्या मधल्या वर्षांत गर्भात आणि बालपणी ते पाणी मिळालेल्यांत तिशी-चाळिशीत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेच्या सुमारे सहापट निघाले.

डायएथिलस्टिलबेस्ट्रॉलची हकिगत आपण जाणताच. गर्भपात टाळण्यासाठी गर्भवतींना लिहून दिलं जाणारं हे संप्रेरक-औषध. १९७१ साली बॉस्टनच्या हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी आठ तरुण मुलींतल्या योनीमार्गाच्या दुर्मीळ कर्करोगाचा अहवाल दिला. आठपैकी सातजणींच्या आयांनी गरोदरपणी ते औषध घेतलं होतं. पुढे नॉर्थ कॅरोलायनात मॅक्लाक्लन आणि रेथा न्यूबोल्ड यांनी उंदरांत हे सगळं पुन्हा दाखवलं. गर्भात आणि जन्मानंतर लगेच हे औषध मिळालेल्या पिल्लांत जननेंद्रियांच्या घडणीत दोष आणि पुढे कर्करोग, असं दोन्ही. त्या मुलींनी विशी गाठेपर्यंत कुणाला संशयही आला नव्हता.

आणि डीडीटी हे कीटकनाशक, जे आपल्या रसायनीलाही बनत आलं. कॅलिफोर्नियात १९६० सालाच्या आगेमागे गरोदर असलेल्या बायकांचं रक्त गोठवून ठेवलेलं होतं. अर्ध्या शतकानंतर त्यांच्या मुलींचा माग काढला. ज्या आयांच्या रक्तात डीडीटीचा एक विशिष्ट प्रकार सर्वांत जास्त होता, त्यांच्या मुलींना ५२ वर्षांच्या आत स्तनाचा कर्करोग होण्याचं प्रमाण जवळजवळ चौपट होतं. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. उंदरांच्या पिढ्यानुपिढ्या डीडीटी खाऊ घालून लोरेन्झो तोमातिस आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये ल्यों इथे यकृताच्या गाठी दाखवल्या होत्या, त्या १९७०च्या दशकात. प्राण्यांनी चाळीस वर्षं आधी सांगून ठेवलं होतं.

आता माझ्या गावाकडे येते.

निफाड, दिंडोरी, चांदवड भागात ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाची धास्ती असते. दोन दिवस ढग राहिले तरी घड हातचे जातात. त्या काळात बागेत जे औषध हमखास मारलं जातं ते मॅन्कोझेब हे बुरशीनाशक. शेतकरी त्याला एम-४५ म्हणूनच ओळखतो. स्वस्त आहे, बुरशीला त्याची सवय होत नाही, भरवशाचं आहे. माझ्या भावाला ते सोडून दे असं मी सहज म्हणू शकत नाही. वर्षाचं कर्ज त्या घडांवर असतं.

मॅन्कोझेबचं शरीरात, उन्हात, शिजवताना जे विघटन होतं त्यातून एथिलीन थायोयुरिया हा पदार्थ तयार होतो. आम्ही त्याला ईटीयू म्हणतो. १९७३ साली कॅनडात खेरा यांनी गाभण रॅटना ईटीयू दिलं. आईत विषबाधेची चिन्हं दिसत नव्हती अशा मात्रांतही गर्भाच्या कवट्या उघड्या राहिल्या, मेंदू बाहेर आले, शेपट्या वाकड्या झाल्या. त्यानंतरच्या प्रयोगात त्यांनी पंधराव्या दिवशी एकच मात्रा दिली. पिल्लं जिवंत जन्मली आणि मग त्यांच्या मेंदूत पाणी साचत गेलं. उंदीर, हॅमस्टर यांच्यावर मात्र परिणाम कितीतरी कमी झाला. प्राण्याप्राण्यांत फरक असतो, आणि रॅटमध्ये झालं म्हणजे बाईत होईलच असं मी म्हणणार नाही.

याच ईटीयूने रॅटमध्ये थायरॉइडच्या गाठी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मात्र पुढे ते तिसऱ्या गटात टाकलं, म्हणजे माणसातल्या धोक्याविषयी वर्गवारी करता येत नाही असं म्हटलं. कारण असं : ईटीयू थायरॉइडचं संप्रेरक बनू देत नाही, त्यामुळे मेंदूकडून ग्रंथीला आणखी काम करण्याचा संदेश सतत जातो, आणि रॅटची ग्रंथी अशा सततच्या संदेशाने गाठी धरते, माणसाची तितकी नाही. हा युक्तिवाद मला पटतो. पण तो ऐकून गर्भाविषयी निर्धास्त होता येत नाही, उलट माझी काळजी वाढते. गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड काम करत नसते. मेंदू घडवायला लागणारं संप्रेरक ते आईकडून घेतं. ज्या कारणाने कर्करोगाची भीती कमी ठरवली, तेच कारण गर्भाच्या मेंदूसाठी धोक्याचं आहे. कर्करोगाची फाइल एका टेबलावर आणि गर्भाची दुसऱ्या टेबलावर वाचली की हे डोळ्यांआड होतं.

ईटीयूच्या बाबतीत मी म्हणते तशी चाचणी झालेलीही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने १९९२च्या अहवालात गर्भापासून मात्रा दिलेले रॅट आणि मोठेपणीच मात्रा दिलेले रॅट यांची तुलना केली. नुसत्या जन्माच्या आगेमागे दिलेल्या मात्रेने गाठी झाल्या नाहीत. दोन्ही मिळून दिल्यावर थायरॉइडच्या गाठी थोड्या वाढल्या. माझ्या मागणीला हे फारसं बळ देत नाही असं कुणाला वाटेल. मला उलट वाटतं. विचारलं, म्हणून उत्तर मिळालं, आणि ते बऱ्याच अंशी दिलासा देणारं निघालं. बाकी किती कीटकनाशकांबाबत असं उत्तर आपल्या कपाटात आहे?

युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये मॅन्कोझेबची मान्यता संपवली. प्रजननाला आणि गर्भाला घातक, संप्रेरकांत ढवळाढवळ करणारं, ही त्यामागची कारणं. त्याच वर्षी आपल्या सरकारने २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात मॅन्कोझेब होतं. बंदी पुढे मोजक्यांवरच आली. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा नमुना निर्यातीआधी प्रयोगशाळेत जातो, अवशेष मोजले जातात, मर्यादा ओलांडली तर माल अडतो. ही व्यवस्था आपल्याच लोकांनी उभी केली आणि ती चांगली चालते, त्याचा मला अभिमान आहे. पण त्याच बागेत सकाळी फवारणी झाल्यावर घडांची विरळणी करायला, डिपिंगला, म्हणजे घड द्रावणात बुडवायला, येणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या बायकांच्या लघवीतलं ईटीयू आपण मोजत नाही. कोस्टा रिकात मोजलं. मातिना भागात केळीच्या बागांवर विमानातून मॅन्कोझेब फवारतात. तिथल्या गरोदर बायकांच्या लघवीत ईटीयू इतर ठिकाणच्या सर्वसाधारण लोकांच्या पाचपटीहून जास्त आढळलं. आपल्याकडे मांडवाखाली उभी असलेली बाई घडांच्या खाली, हात वर करून काम करते. पानांवरचं सगळं तिच्या चेहऱ्यावर आणि हातांवर उतरतं. तिला दिवस गेले आहेत हे तिलाच पहिला महिना-दीड महिना ठाऊक नसतं, आणि बाळाचे अवयव नेमके त्याच सुमारास घडायला लागलेले असतात.

तिच्यासाठी आपल्या डब्यावर काय आहे? एक रंगीत त्रिकोण. लाल, पिवळा, निळा, हिरवा. तो ठरतो निम्मे प्राणी मारणाऱ्या मात्रेवरून. तोंडावाटे किलोला ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५,०००च्या वर हिरवा. आज प्यायलं तर आज मरेल का, एवढंच तो सांगतो. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना माणसं दगावली तेव्हा देश हादरला, आणि हादरायलाच हवं होतं. पण पोटात असताना मिळालेल्या मात्रेने वीस-तीस वर्षांनी झालेल्या आजाराचा पंचनामा होत नाही. तो कुठल्याच तालुक्याच्या नोंदीत कीटकनाशकाच्या नावावर चढत नाही. तो आधीच शोधायची एकमेव जागा म्हणजे आपल्याकडे येणारा अहवाल.

आक्षेप मला माहीत आहेत. खर्चाचा आक्षेप पहिला. दोन वर्षांची चाचणी होणारच आहे. ती दूध तुटल्यावर सुरू करण्याऐवजी आयांपासून सुरू करायची, तर जास्तीच्या लागतात त्या काही आठवड्यांपुरत्या गाभण माद्या. एका बाळंतणीची दोन नर आणि दोन मादी पिल्लं घेतली तर गटाला पंचवीस माद्या पुरतात. भावंडं एकमेकांसारखी वागतात, म्हणून संख्याशास्त्राचा हिशेब पिल्लांचा न धरता बाळंतणींचा धरावा लागतो. पण ते आमच्या क्षेत्रात कुणालाही नवीन नाही. अमेरिकेच्या त्याच विषशास्त्र कार्यक्रमाने रॅटवरच्या अनेक अलीकडच्या चाचण्या गर्भापासून सुरू केल्या आहेत. पीएफओए या रसायनाच्या २०२०च्या अहवालात गर्भातल्या मात्रेने पडलेली भर मर्यादित निघाली, हेही मी लपवत नाही. प्रत्येक रसायन आर्सेनिकसारखं वागणार नाही. पण कोणतं वागेल हे तपासल्याशिवाय कळत नाही.

दुसरा आक्षेप प्राण्यांचा, आणि तो मला जास्त लागतो. आयुष्यभर ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांच्यावर मी ओझं वाढवते आहे. म्हणूनच सरसकट मागणी करत नाही. ज्या रसायनाने जनुकांना इजा होते, जे थायरॉइडसकट कुठल्याही संप्रेरकाच्या कामात शिरतं, किंवा ४१४ क्रमांकाच्या चाचणीत ज्याने गर्भावर खूण उमटवली, त्यांनाच हा नियम लावा. आणि मारलेल्या प्रत्येक प्राण्याचा अहवाल उघडा करा, म्हणजे तीच चाचणी दुसऱ्या कंपनीला पुन्हा करावी लागणार नाही.

तिसरा आक्षेप, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. सॅकरिनचा दाखला त्यासाठी हमखास देतात. १९७७ साली कॅनडात गर्भापासून सॅकरिन मिळालेल्या नर रॅटना मूत्राशयाच्या गाठी झाल्या, जगभर खळबळ उडाली. पुढे कळलं की कारण नर रॅटच्या लघवीच्या खास गुणधर्मात आहे, आणि २००० साली अमेरिकेने सॅकरिन कर्करोगजनकांच्या यादीतून काढलं. चाचणीने धोक्याची सूचना दिली, शास्त्राने ती पारखली, निर्णय बदलला. यात चाचणीचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हा माझं मागणं असं. नव्या नोंदणीच्या अर्जांत, वर सांगितलेल्या निकषांत बसणाऱ्या रसायनांसाठी, कर्करोगाची चाचणी गर्भावस्थेपासून सुरू झालेली असावी अशी अट घाला. आपला देश २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर-स्वीकृतीच्या व्यवस्थेत, म्हणजे एका देशात झालेली चाचणी दुसऱ्यांनी मान्य करायच्या व्यवस्थेत, पूर्ण सहभागी आहे. त्यामुळे आपण अट घातली तर तिचा परिणाम आपल्या सीमेबाहेरही होईल. जुन्या रसायनांबाबत कलम ९(४)कडे बघा. एकाने कधीकाळी दिलेल्या माहितीवर त्या पोटकलमाखाली इतर कंपन्यांना त्याच शर्तींवर नोंदणी मिळत राहते, आणि जुनी फट नव्या डब्यावर जशीच्या तशी येते. अनुपम वर्मा समितीने ६६ कीटकनाशकांचा फेरआढावा घेतला, त्यातून २०१८ साली १८ रसायनांवर बंदी आली. तसा आढावा पुन्हा होईल तेव्हा प्रत्येक रसायनापुढे एक रकाना असू द्या : कर्करोगाच्या चाचणीत पहिली मात्रा कोणत्या वयात दिली? उत्तर गर्भात असं नसेल, तर ते तसं स्पष्ट लिहा.

ते रकाने लोकांना वाचता येतील असे ठेवा. आणि डब्यावर, त्रिकोणाच्या शेजारी, मराठीत आणि त्या त्या राज्याच्या भाषेत, गरोदर बाईने हे हाताळू नये आणि फवारणीनंतर किती तासांनी बागेत शिरावं, हे वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापायला लावा. शेवटची ही गोष्ट करायला कोणत्याही नव्या प्रयोगाची गरज नाही. चालू हंगामाच्या ऑक्टोबर छाटणीआधी ती होऊ शकते.

मॅन्कोझेबपासून सुरुवात करावी अशी विनंती. त्याची माहिती सर्वांत जास्त उपलब्ध आहे, ते सर्वांत जास्त वापरात असलेल्यांपैकी आहे, आणि त्याच्या गर्भावरच्या व कर्करोगाच्या फाइली एकत्र वाचायला समितीला एक बैठक पुरेल. त्या बैठकीत सांगाडे आणि काचपट्ट्या वाचू शकणारं कुणी हवं असेल तर मी स्वखर्चाने फरीदाबादला येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विषशास्त्रज्ञ, नाशिक